आधी देश, की दिलेला शब्द?

राज्यशास्त्र शिकवायला लागल्यापासून हा प्रश्न माझ्यापुढे सारखा येतो: दुसऱ्याच्या युद्धात आपली मुलं का पाठवायची? देशहित मोठं, की मित्राला दिलेला शब्द? तुम्हीही विचारलंत म्हणून लिहितो.

आधी करार नीट वाचावा. १९४९ च्या नाटो कराराचं पाचवं कलम अनेकांना ठाऊक असतं: एकावर हल्ला तो सर्वांवर हल्ला. पण त्याच कलमात पुढे असंही आहे, की प्रत्येक देश स्वतःला आवश्यक वाटेल ती कारवाई करील. फौज पाठवलीच पाहिजे, असं त्यात कुठेच नाही. हे कलम आजवर एकदाच लागू झालं, ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर. पुढे अफगाणिस्तानच्या मोहिमेत डेन्मार्कचे ४० हून अधिक सैनिक मृत्युमुखी पडले. जेमतेम साठ लाखांचा देश, आणि त्याच्यावर कुणी चाल करून आलेलं नव्हतं. त्या घरांची आठवण झाली की 'देशांना मित्र नसतात, फक्त हितसंबंध असतात' हे ठेवणीतलं वाक्य माझ्याच्याने म्हणवत नाही. उद्या आपल्यासाठी कुणी धावून यावं असं वाटत असेल, तर आज धावून जाणं हेही लहान देशाचं हितच की!

मग नकार म्हणजे गद्दारी का? मला तसं वाटत नाही. १९१४ मध्ये इटली जर्मनी आणि ऑस्ट्रिया-हंगेरीच्या बाजूने लढली नाही. त्या दोघांशी इटलीचा जो करार होता तो बचावापुरता होता आणि ऑस्ट्रियाने सर्बियावर स्वतःहून युद्ध पुकारलं होतं, त्यामुळे ते तटस्थ राहणं मला खटकत नाही. खटकतं ते पुढचं. जुना करार अजून अंगावर असताना, एप्रिल १९१५ मध्ये, इटलीने लंडनमध्ये विरुद्ध बाजूशी गुप्त करार केला, तोही प्रदेशाच्या बदल्यात. महिनाभरात ती ऑस्ट्रियावर चालून गेली.

न्यूझीलंडचा नकार वेगळा होता. डेव्हिड लाँगे यांच्या सरकारने १९८५ मध्ये 'ब्युकॅनन' या अमेरिकी युद्धनौकेला बंदरात येऊ दिलं नाही, कारण नौकेवर अण्वस्त्रं आहेत की नाहीत हे अमेरिका सांगायला तयार नव्हती. हे धोरण त्यांनी निवडणुकीआधीच जाहीर केलेलं होतं. १९८६ मध्ये अमेरिकेने अँझस करारातली (ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि अमेरिका यांचा संरक्षण करार) न्यूझीलंडच्या संरक्षणाची हमी स्थगित केली. न्यूझीलंडने ते सोसलं, आणि १९८७ मध्ये अण्वस्त्रबंदीचा कायदाच केला. मित्राला आपली हद्द तोंडावर सांगायची आणि तिची किंमत स्वतः मोजायची, याला मी बेइमानी म्हणणार नाही.

नोव्हेंबर २०१६ मध्ये 'सॅम्प्सन' ही अमेरिकी युद्धनौका त्याच कायद्याच्या अटीत बसून न्यूझीलंडला आली. आली होती न्यूझीलंडच्या नौदलाच्या वर्धापनदिनासाठी. पण त्याच सुमारास तिथल्या कायकोरा गावाला भूकंप झाला, आणि ती मदतीसाठी तिकडे वळली.