उशांचा रकाना आणि अडलेली सही

जीएनएम या नर्सिंग पदविकेच्या प्रॅक्टिकलआधी श्वसनाच्या आणि हृदयाच्या रुग्णांचे मूल्यमापन करून रेकॉर्ड बुकावर सही घ्यावी लागते. यवतमाळ जिल्ह्यातील एका ग्रामीण रुग्णालयात माझी ड्युटी होती. बाकी सारे सुरळीत पार पडले. अडले ते एका रकान्यापाशी.

आडवे झाल्यावर दम लागतो का, हे नोंदवण्यासाठी छापील तक्त्यात ‘उशांची संख्या’, म्हणजे दम न लागता झोपायला किती उशा लागतात, असा रकाना होता. माझ्या रुग्ण आजींचे आयुष्य चुलीपुढे आणि कापसाच्या वावरात गेलेले. उशी घ्यायची सवयच नव्हती. “उशी कायची वो माय, रातच्यानं उठून बसा लागते, तवा जिवाले बरं वाटते,” असे त्या म्हणाल्या. मी तेच शब्दशः लिहिले. हृदय कमकुवत झाले की आडवे पडताच पायांकडचे रक्त छातीकडे परतते आणि फुप्फुसांवर ताण येतो, हे त्या एका वाक्यात आले होते. नडगीवर अंगठा दाबला तर खळगा तसाच राहत होता आणि पाठीवर दोन्ही बाजूंना तळाशी क्रेपिटेशन्स, म्हणजे श्वासासोबत येणारे चरचर आवाज, ऐकू येत होत्या. तरीही वही परत आली, कारण रकान्यात आकडा नव्हता. शून्य लिहावे तर आजींना त्रासच नाही असा अर्थ निघणार आणि दोन लिहावे तर ते धडधडीत खोटे! मी मात्र आकडा लिहिला नाही. सही देणाऱ्या मॅडम कधी मीटिंगला, कधी लसीकरणाला. मी वही घेऊन व्हरांड्यात ताटकळत. अखेर वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टरांनी लाल पेनाने ‘लागू नाही, शेरा पाहावा’ असे लिहून स्वतःची सही केली, तेव्हा तीच वही निमूटपणे मंजूर झाली. याचा राग अजून गेलेला नाही.

आता मूल्यमापनाविषयी थोडे. श्वास मोजतो आहोत हे रुग्णाला कळू देऊ नये, कळले की लय बदलते. नाडी पाहत असल्यासारखे मनगट धरून पूर्ण 60 सेकंद मोजावेत. प्रौढांत 12 ते 20 ठीक. स्टेथोस्कोप लावण्याआधी वॉर्डातला खडखडणारा पंखा बंद करून घ्यावा. नाडी अनियमित असेल तर एकीने मनगटावर आणि दुसरीने छातीवर एकाच मिनिटात ठोके मोजावेत; दोन्हींतला फरक लिहावाच. आणि हो, ऑक्सिमीटर लावण्यापूर्वी बोट थंड नाही ना, नखाला पॉलिश नाही ना, हे पाहावे. सीओपीडीच्या (फुप्फुसांच्या दीर्घकालीन आजाराच्या) रुग्णाला ऑक्सिजन देताना बहुधा 88 ते 92 टक्के हेच उद्दिष्ट असते, म्हणून 90 दिसताच घाबरून प्रवाह वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारावे.