तुम्ही विचारलंत म्हणून: समुद्रातून किती गंधक हवेत जातो?

ऐरोलीत राहते आणि समुद्राच्या पाण्यातले वायू मोजते म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "म्हणजे आपल्या खाडीला येतो तो वास का?" आणि लगेच, "अख्ख्या समुद्राचं कसं मोजणार?"

ओहोटीला ऐरोली पुलावर येतो तो कुजक्या अंड्यांचा वास हायड्रोजन सल्फाइडचा. चिखलात प्राणवायू पोचत नाही. तिथले जीवाणू पाण्यातल्या सल्फेटवर जगतात आणि हा वायू सोडतात. खुल्या समुद्रातूनही गंधक याच रूपात बाहेर पडत असणार, असं पूर्वी शास्त्रज्ञांनाही वाटायचं. पण तिथे वरच्या पाण्यात प्राणवायू भरपूर, हा वायू टिकणार कसा? जेम्स लव्हलॉक आणि सहकाऱ्यांनी 1972मध्ये दाखवून दिलं की खरं वाहन आहे डायमिथाइल सल्फाइड, गंधकाचा दुसराच एक वायू. ते सूक्ष्म शैवालातल्या एका द्रव्यापासून बनतं.

लिटरभर पाण्यात ते असतं जेमतेम काही नॅनोमोल (रेणू मोजायच्या मोल या एककाचा अब्जावा भाग म्हणजे एक नॅनोमोल). म्हणून बाटली भरतानाच जीव मुठीत. नळी तळाशी टेकवायची, पाणी तोंडावरून वाहू द्यायचं, बुडबुडा अजिबात राहू द्यायचा नाही, नाहीतर वायू त्यात निसटतो. गाळतानाही जोर लावायचा नाही. शैवालाच्या पेशी फुटल्या की आकडा फुगतो. मग पाण्यातून नायट्रोजन सोडून वायू बाहेर काढायचा, गारठवून पकडायचा, तापवून गॅस क्रोमॅटोग्राफमध्ये, म्हणजे वायू वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रात, पाठवायचा.

एवढं करून हाती येतं ते पाण्यातलं प्रमाण. हवेत किती गेलं, ते थेट मोजायची सोय मोजक्या जहाजांवर असते. बाकी सगळा हिशेब: पाण्यातल्या आणि हवेतल्या प्रमाणाचा फरक गुणिले वायू सुटण्याचा वेग. हा वेग मुख्यतः वाऱ्यावर अवलंबून, आणि खरी मेख इथेच आहे. वाऱ्यावरून हा वेग काढायचं लिस-मर्लिव्हा यांचं 1986चं सूत्र आणि वॅनिनकॉफ यांचं 1992चं, दोन्ही एकाच पाण्याला, एकाच वाऱ्याला लावा. उत्तरात जवळपास दुपटीचा फरक पडतो.

2011चा जागतिक अंदाज वर्षाला 2.81 कोटी टन गंधकाचा आहे, पण त्याची पट्टी 1.76 ते 3.44 कोटी. 2022मध्ये पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या पुढाकाराने पाण्यातल्या या वायूचा सुधारित नकाशा आला, त्यातून 2.71 कोटी निघाले. दोन आकडे जवळ आले म्हणून प्रश्न सुटला असं मी मानत नाही. नमुने वाढले, पण वाऱ्याच्या सूत्राबद्दलची शंका तशीच राहते. आणि हवेत गेल्यावर या वायूचेही सल्फेटचे कण बनतात, त्यामुळे समुद्राचा वाटा नीट कळल्याशिवाय ढगांतल्या सल्फेटच्या कणांत आपल्या धुराड्यांचा आणि जहाजांचा वाटा किती, हेही नीट सांगता येत नाही.

एकच मोहीम निवडायला सांगितली तर मी जुलैतला अरबी समुद्र मागेन. नैर्ऋत्य वारा तेव्हा सगळ्यात जोरात असतो, ओमानपाशी खालचं पाणी वर येऊन शैवाल फोफावतं, आणि अशा खवळलेल्या समुद्रात नमुना घेणं सगळ्यात अवघड.