न जोखलेली कढई

इंदूरच्या बर्तन बाजारात कढई आधी हातात तोलतात, मग तिला टिचकी मारतात, बुडावर अंगठा फिरवतात. भाव विचारायचा तो शेवटी. फोनवरून ऑनलाइन घेताना भावच पुढे धावत येतो, तोही जोडीने: ४,९९९ वर आडवी काट आणि खाली ठसठशीत १,२९९. वरच्या भावाने ती कढई कुणी कधी नेली असेल, असं वाटत नाही. ७४ टक्के सूट त्या न झालेल्या विक्रीवरची.

हात पोचत नाही तिथे तपशिलातली वजनाची ओळ कामाला येते. २४ सेंटीमीटरची, अडीच मिलिमीटर जाडीची ट्रायप्लाय (तीन थरांच्या धातूची) कढई झाकणाशिवाय किलोच्या आसपास भरते. झाकणासकट सातशे ग्रॅम लिहिलं असेल, तर तिच्यात कांदा परतायच्या आधी करपणार. काही विक्रेते खोक्यासकट वजन टाकतात, तेवढं बघावं. कुकरवर मात्र आयएसआयची खूण आणि आयएस २३४७ हा कुकरच्या मानकाचा आकडा नसेल तर पुढचं वाचूच नये.

संगणकाच्या सामानातही वजन आहे, फक्त ते अँपिअरमध्ये लिहिलेलं असतं. ‘४५० वॅट’चा स्वस्त पॉवर सप्लाय, म्हणजे संगणकाला वीज पुरवणारा डबा, घेताना लेबलच्या फोटोत १२ व्होल्टची रांग शोधावी. तिथे १६ अँपिअर असेल तर गुणाकार १९२ वॅट. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड बहुतेक सगळं याच रांगेवर जगतात, म्हणून गेम सुरू झाला की मशीन आपोआप बंद पडतं आणि दोष बिचाऱ्या विंडोजला.

सगळ्यात पक्का खोटारडा म्हणजे ५९९ रुपयांत २ टीबीचा पेन ड्राइव्ह. आत चिप ३२ जीबीची, पण ती हाताळणाऱ्या कंट्रोलरला खोटं बोलायला शिकवलेलं. पहिले ३२ जीबी नीट बसतात. पुढच्या फोटोंची नावं दिसतात, फोटो उघडत नाहीत. लग्नाचा अल्बम असाच जातो. आल्या आल्या विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू किंवा लिनक्सवर एफथ्री हे तपासणीचं सॉफ्टवेअर चालवावं. ते ड्राइव्ह काठोकाठ भरून परत वाचून बघतं. १२८ जीबीला सेकंदाला १० एमबीच्या वेगाने लिहायलाच साडेतीन तास लागतात, तेव्हा रात्री लावून झोपावं. १ टीबीचे ९३१ जीबी दिसले म्हणून मात्र भांडू नये. विंडोज १०२४ ने भागतं, एवढंच. नवी म्हणून आलेली एसएसडी (संगणकातली साठवणीची ड्राइव्ह) क्रिस्टलडिस्कइन्फो या तपासणीच्या सॉफ्टवेअरमध्ये चार हजार तास चाललेली दिसली, तर भांडावं.

रॅम शक्यतो आरएनटी मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमधून घ्यावी, तीन-चारशे रुपये जास्त गेले तरी. लॅपटॉपशी न जुळणारी रॅम बिघडलेली नसते, त्यामुळे परतीच्या यादीत तिला कारण सापडत नाही. दुकानदार काउंटरवरच लॅपटॉप उघडून लावून बघतो. नाही चालली तर “दूसरी देता हूँ भिया”, विषय संपला.

‘नो कॉस्ट’ हप्त्यांचं थोडक्यात: व्याजाएवढी सूट मिळते, पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आपल्याच माथी. व्याज १,२०० तर कर २१६, शिवाय बऱ्याच बँकांचं प्रोसेसिंग शुल्क वेगळं. दहा टक्के कार्ड सवलतीखालची ‘कमाल १,५००’ ही बारीक ओळही बहुधा पैसे भरून झाल्यावरच दिसते.

खोकं उघडताना व्हिडिओ पत्त्याच्या चिठ्ठीपासून सुरू करावा आणि मध्ये तोडू नये. चिकटपट्टी, खोक्यावरचा सीरियल नंबर, वस्तूवरचा नंबर, सगळं एका दमात. एवढं करूनही घोटाळा होतो तो दुसऱ्या दिवशी सकाळी. कचरागाडी गाणं वाजवत गल्लीत शिरते, घर आवरायची घाई असतेच, आणि परतीच्या मुदतीचे सहा दिवस बाकी असताना खोकं, थर्माकोल, सीरियल नंबरची चिठ्ठी असं सगळं सुक्या कचऱ्यात रवाना होतं.