लॅटिनो मतं एकगठ्ठा नाहीत

आज दिवसभर अमेरिकेतल्या राष्ट्राध्यक्ष निवडणुकीचे काउंटीवार (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) निकाल चाळत होतो. लॅटिनो, म्हणजे मूळ लॅटिन अमेरिकेतल्या लोकांची मतं एकगठ्ठा धरून गणित मांडणं आता तरी थांबायला हवं. टेक्सासमधली स्टार काउंटी घ्या. मेक्सिकोच्या सीमेवर, जवळपास 97 टक्के वस्ती लॅटिनो. 2016 ला डेमोक्रॅटिक पक्षाच्या हिलरी क्लिंटन तिथे तब्बल 60 टक्क्यांनी पुढे, 2020 ला त्याच पक्षाचे बायडन जेमतेम 5 टक्क्यांनी आणि 2024 ला रिपब्लिकन ट्रम्प विजयी! 1892 नंतर प्रथमच तिथे रिपब्लिकन उमेदवार जिंकला.

2024 मध्ये मतदानाला पात्र लॅटिनो अंदाजे 3 कोटी 62 लाख होते, 2020 पेक्षा जवळजवळ 40 लाख जास्त. पण पात्र असणं वेगळं आणि मत पेटीत पडणं वेगळं. टेक्सासमध्ये नाव 30 दिवस आधी नोंदवावं लागतं. घर दुसऱ्या काउंटीत हलवलं की पुन्हा नोंदणी. भाड्याने राहणारी, कामासाठी फिरणारी तरुण मंडळी नेमकी इथेच गळतात. दारोदार अर्ज गोळा करायचे तर कार्यकर्त्यालाही आधी काउंटीकडून नेमणूक घ्यावी लागते.

पोर्तो रिको या कॅरिबियनमधल्या, अमेरिकेच्या ताब्यातल्या बेटाच्या लोकांचं तर आणखीनच वेगळं. जन्माने अमेरिकन नागरिक, तरी बेटावर राहून राष्ट्राध्यक्षासाठी मत देता येत नाही. पेन्सिल्व्हेनियातल्या ॲलनटाउनला येऊन नाव नोंदवलं की देता येतं.