फोंडा ते नागपूर गाडीने: समृद्धीवर पळवणार असाल तर इंजिन ऑईलकडे लक्ष असू द्या

मावसभावाच्या लग्नाला नागपूरला गाडीनेच जायचं ठरलं, तेव्हा घरात चर्चा रंगली ती मुक्काम कुठे करायचा आणि डब्यात काय न्यायचं याची. माझ्या डोक्यात मात्र समृद्धी महामार्ग होता. शिर्डी ते नागपूर सुमारे 520 किलोमीटर, वेगमर्यादा ताशी 120 आणि आमची गाडी आठ वर्षं वापरलेली, 1.2 लिटर पेट्रोल. ताशी 120 ला पाचव्या गिअरमध्येही तिचं इंजिन मिनिटाला साडेतीन हजार फेऱ्यांच्या (आरपीएम) वर फिरतं, तेही तासन्‌तास. गोव्यात आपल्या गाड्यांना ही सवय नसते.

निघायच्या आधी फोंड्यातल्या आमच्या मेकॅनिकला गाडी दाखवली. त्याने चेंबरचा (इंजिनखालच्या ऑईलच्या टाकीचा) नट, ऑईल फिल्टरची कड बॅटरीने नीट पाहिली. कुठे ओल नव्हती. म्हणाला, "दादा, गळती नाही, पण वाटेत डिपस्टिक बघत जा. पळवल्यावर गाडी ऑईल पिते." डिपस्टिक म्हणजे ऑईलची पातळी मोजायची पट्टी, तिच्यावर कमीत कमी आणि जास्तीत जास्त पातळीच्या दोन खुणा असतात. मेकॅनिकचा हा सल्ला अक्षरशः पाळा, एवढं सांगण्यासाठीच हे लिहितोय.

पहाटे निघून साखळी, केरी करत चोर्ला घाट चढलो. घाटात पहाटेचं धुकं असतं, घाई करू नका. बेळगावला नाश्ता झाला. पुढे निपाणी, कोल्हापूर, कराड. कागल ते सातारा सहापदरीकरणामुळे ठिकठिकाणी वळवलेला रस्ता लागतो, तास-दीड तास जास्तीचा धरून चला. रात्री पुण्यात मुक्काम केला.

कराडच्या पुढे पेट्रोल भरायला थांबलो, तर पंपावरचा मुलगा बॉनेट उघडायला सांगून डिपस्टिक बाहेर काढून उभा. "साहेब, ऑईल कमी झालंय, एक लिटर टाकू का?" म्हटलं, "थांब रे बाबा, गाडी आत्ता बंद केलीय." इंजिन बंद केल्या केल्या बरंचसं ऑईल वर हेडमध्ये आणि नळ्यांमध्ये असतं. ते चेंबरमध्ये उतरायला पाच-दहा मिनिटं लागतात. त्यातून पंपाची जमीन बहुधा उताराची. गाडी बाजूला सपाटीवर घेतली, सगळ्यांचा चहा होऊ दिला आणि मग पाहिलं. ऑईल वरच्या खुणेच्या जरासं खाली, म्हणजे उत्तम. त्याच्या म्हणण्यावर लिटरभर ओतलं असतं तर नुकसानच होतं. ऑईल जास्त झालं की क्रँकशाफ्ट त्यात आपटतो, फेस होतो आणि फेसाळलेल्या ऑईलने बेअरिंगला नीट वंगण मिळत नाही.

पट्टी बघायची रीत सोपी आहे, पण ती शेवटपर्यंत पाळली पाहिजे. पट्टी काढायची, पुसायची, पूर्ण तळापर्यंत परत घालायची आणि मग काढून वाचायची. पुसायला धागे न सुटणारं फडकं घ्या. पहिल्यांदा काढलेल्या पट्टीवर ऑईल वरपर्यंत माखलेलं असतं, त्यावर विश्वास ठेवू नका. दोन बाजूंना वेगळी पातळी दिसली तर खालची खरी धरा. ताजं ऑईल इतकं नितळ असतं की उन्हात कड दिसतच नाही. पट्टी तिरपी धरली की ओली बाजू चकाकते आणि कड लगेच सापडते.

दुसऱ्या दिवशी शिर्डीहून समृद्धीला लागलो. रस्ता सिमेंटचा आणि सरळ, त्यामुळे टायरची हवा आणि चालकाची झोप या दोन्हींची काळजी घ्या. मेहकरच्या इंटरचेंजला बाहेर पडून जेवलो आणि जेवणानंतर पट्टी पाहिली. पातळी पाव भागाने उतरली होती. नागपूरला पोचलो तोवर निम्म्यावर. आमच्या गाडीत दोन खुणांमध्ये साधारण एक लिटरचा फरक आहे, म्हणजे अर्धा लिटर ऑईल गेलं.

हे का होतं? आरपीएम वाढले की पिस्टन रिंगांना सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑईल पूर्ण खरवडायला जमत नाही, राहिलेला थर जळतो. ऑईल तापून पातळ होतं, वाफ आणि तुषार होऊन ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ बाहेर काढणाऱ्या नळीतून) परत इंजिनात ओढलं जातं. जुन्या गाडीत व्हॉल्व्ह सील कडक झालेले असतात, टर्बो असेल तर तिथूनही थोडं जातं. आणखी एक कारण आपल्याकडे विशेष लागू पडतं. घर, बाजार, शाळा अशा छोट्या फेऱ्यांत इंजिन पुरतं तापत नाही आणि न जळलेलं पेट्रोल व पाण्याचा अंश ऑईलमध्ये उतरतो. घरी पातळी महिनोन्‌महिने स्थिर दिसते, पण त्यातला काही भाग ऑईल नसतोच. लांबच्या गरम पल्ल्यात तो उडून जातो आणि पातळी एकदम उतरल्यासारखी वाटते. डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असलेल्या डिझेल गाडीत तर डिझेल मिसळून पातळी वरच्या खुणेच्या पुढेही चढू शकते. तसं दिसलं तर प्रवासाआधी ऑईल बदलून घ्या.

काही कंपन्यांच्या पुस्तिकेत हजार किलोमीटरला अर्धा लिटर खर्च मान्य धरलेला असतो, त्यामुळे घाबरलो नाही. पण डॅशबोर्डवरच्या लाल दिव्याच्या भरवशावर कधीही राहू नका. तो दाब दाखवतो, पातळी नव्हे. तो लागेपर्यंत इंजिनातला ऑईल पंप हवा ओढू लागलेला असू शकतो. लागलाच तर सुरक्षित जागी लगेच गाडी थांबवून इंजिन बंद करा, पुढच्या इंटरचेंजपर्यंत रेटू नका. पिवळा दिवा असलेल्या गाड्यांत तो बहुतेक पातळी कमी असल्याचा इशारा असतो. पट्टीच नसलेल्या गाड्यांत स्क्रीनवर मोजायची पद्धत पुस्तिकेतून निघायच्या आधीच शिकून घ्या.

डिकीत त्याच ग्रेडचा एक लिटरचा डबा आणि छोटी नरसाळी ठेवा. वाटेत हवी ती ग्रेड मिळेलच असं नाही. अडचणीत दुसऱ्या कंपनीचं चालेल, पण 0W-20, 5W-30 असा दाटपणाचा आकडा आणि पुस्तिकेतलं मानांकन जुळलं पाहिजे. परतीच्या सकाळी नागपुरात इंजिन थंड असताना थोडं थोडं ओतून, दर वेळी पट्टी पाहत, पाऊण भागापर्यंत आणलं. काठोकाठ भरायची गरज नाही. परतताना चोर्ला उतरताना गिअरवर गाडी रोखत आणावी लागते, त्यातही पेट्रोल इंजिन व्हॉल्व्हमधून थोडं ऑईल खेचतं. म्हणून फोंड्याला पोचल्यावर दुसऱ्या सकाळी पुन्हा पाहा आणि किलोमीटरच्या आकड्यासोबत वहीत लिहून ठेवा. पुढच्या प्रवासात खर्च अचानक दुप्पट झाला किंवा सायलेन्सरमधून निळसर धूर दिसला, तर मेकॅनिकला तीच वही दाखवा.