स्मार्ट प्लगचा आयपी पत्ता शोधताना

देवघरातील दिव्यांच्या माळेचा स्मार्ट प्लग संगणकावरून थेट चालवायचा, तर घरच्या नेटवर्कवरील त्याचा आयपी पत्ता हवा होता आणि मोबाइल ॲपमध्ये तो कुठेच दिसत नव्हता. म्हणून ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाकून राउटरचे पान उघडले. काही राउटरांवर हा पत्ता १९२.१६८.०.१ असतो. तेथील डीएचसीपी यादीत, म्हणजे राउटरने ज्यांना आयपी पत्ते दिले त्यांच्या यादीत, ११ उपकरणे होती, त्यांपैकी ४ निनावी. अशा वेळी मॅक पत्ता, म्हणजे उपकरणाच्या नेटवर्क भागाचा ओळखक्रमांक, पाहावा. त्याच्या अंक-अक्षरांच्या सहा जोड्यांपैकी पहिल्या तीन सहसा उत्पादकाच्या नावावर नोंदलेल्या असतात, मात्र हा उत्पादक बहुधा आतल्या वाय-फाय चिपचा असतो, खोक्यावरील ब्रँडचा नव्हे, त्यामुळे ओळखीचे नाव दिसले नाही तरी गोंधळून जाऊ नये.

मला सर्वांत खात्रीची वाटते ती साधी रीत. प्लग सॉकेटमधून काढला तरी यादीतील नोंद दिलेल्या पत्त्याची मुदत संपेपर्यंत राहू शकते, म्हणून चारही निनावी पत्त्यांना पिंग करत, म्हणजे उत्तर येते का हे पाहणारे छोटे संदेश पाठवत राहिलो, मग प्लग काढला आणि १९२.१६८.१.३७ कडून येणारे उत्तर तत्क्षणी थांबले. राउटर पुढे हा पत्ता बदलू शकतो, म्हणून त्याच पानावर तो प्लगच्या मॅक पत्त्यासाठी राखून ठेवला.