पूल वर गेला, आम्ही खाली: न्यू जर्सीला जाणाऱ्या नाशिककरांसाठी

गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर सकाळी माझ्याबरोबर चालणाऱ्या सहाजणांपैकी चौघांची मुलं न्यू जर्सीत आहेत. उन्हाळा लागला की एकेक जोडपं तिकडे उडतं आणि जाण्याआधी हमखास विचारतं, "अहो, तो वर जाणारा पूल कुठला म्हणाला होतात?" तोंडी सांगून कंटाळलो, म्हणून आता लिहूनच टाकतो.

पुलाचं नाव बर्लिंग्टन–ब्रिस्टॉल पूल. खाली डेलावेअर नदी. अलीकडे न्यू जर्सीचं बर्लिंग्टन, पलीकडे पेनसिल्व्हेनियाचं ब्रिस्टॉल. आमची लेक तिथून अर्ध्या तासावर राहते. पलीकडे बेन्सलेमला भारतीय किराणा चांगला मिळतो, म्हणून एका शनिवारी जावई गाडी घेऊन निघाले. पुलाजवळ आलो तर रांग. पुढे लाल दिवा, रस्त्यावर आडवा दांडा पडलेला. मला वाटलं अपघात. दार उघडून बघायला उतरणार, तोच मागून लेक म्हणाली, "बाबा, बसा गुपचूप. बोट येतेय."

माझी सगळी नोकरी पाटबंधारे खात्याच्या यांत्रिकी शाखेत गेली. धरणाचे दरवाजे उचलायचे, खाली करायचे, त्याआधी भोंगा वाजवायचा. पण दोनशे पावलांचा रस्ता डांबरासकट उचलला जाताना पाहिला नव्हता. आणि पाहिला म्हणावं, तर त्या दिवशीही नाही! पुढे मोठा ट्रक होता. मला दिसलं ते त्या ट्रकचं मागचं दार. वीसेक मिनिटं आम्ही हिने आणलेला कोंडाजीचा चिवडा खात बसलो, मग दांडा वर झाला आणि टोल भरून पलीकडे गेलो.

म्हणून पहिला सल्ला हाच: हा पूल बघायला पुलावर जाऊ नका. काठावर जा. टोल नाही, ट्रकही आडवा येत नाही.

आम्ही दोघं पुढच्या आठवड्यात रेल्वेनेच गेलो. एडिसनकडे राहणाऱ्यांनी आधी ट्रेंटनची गाडी धरायची. ट्रेंटन स्टेशनसमोरचा रस्ता ओलांडला की रिव्हर लाइन नावाची छोटी डिझेल गाडी लागते. ती 2004 पासून ट्रेंटन ते कॅम्डेन धावते. तिकीट फलाटावरच्या यंत्रातून काढायचं आणि चढण्याआधी त्यावर शिक्का मारून घ्यायचा. दारात कोणी अडवत नाही, म्हणून तसंच चढू नका, मधे तपासनीस येतो. अर्ध्या तासात 'बर्लिंग्टन टाउन सेंटर' येतं. तिथे गाडी चक्क रस्त्याच्या मधोमध धावते, दोन्ही बाजूंना दुकानं आणि घरं. उतरून हाय स्ट्रीट धरला की रमतगमत दहा मिनिटांत नदी. काठाने फरसबंद वाट आहे, बाकडी आहेत, डावीकडे पूल पूर्ण दिसतो. घरून निघतानाच सगळं आटोपून निघा. स्वच्छतागृह शोधण्यात आमचा अर्धा तास गेला.

आता पूल कधी उचलणार? इथे नाशिकचा स्वभाव सोडावा लागतो. त्याला वेळापत्रक नाही, जहाज आलं की उचलणार. तिथल्या केंद्रीय नियमानुसार बोटीने एक लांब आणि एक आखूड भोंगा दिला की पूल उघडायचा. पुलावरून उत्तर म्हणून तसाच भोंगा आला तर उघडतोय, आणि पाच आखूड आले तर आत्ता जमत नाही. टोल भरणारे शंभर गाडीवाले रस्त्यावर थांबतील, पण जहाज थांबणार नाही. पहिल्यांदा मला हे उफराटं वाटलं. मग लक्षात आलं, भरलेल्या जहाजाला ब्रेक नसतो. आमच्याकडे गंगापूर धरणातून पाणी सुटलं की होळकर पुलावर बघ्यांची गर्दी होते, तशी तिथे एकही नाही. बाकड्यावर आम्ही दोघं आणि एक कुत्रावाला.

दोन तास काही घडलं नाही. पण नदी बघण्यात ते गेले. डेलावेअर ट्रेंटनपर्यंत भरती-ओहोटीची नदी आहे. आम्ही बसलो तेव्हा पाणी समुद्राकडे जात होतं, उठलो तेव्हा एक फांदी उलट, वरच्या अंगाला चालली होती. "अहो, गंगा उलटी वाहायला लागली," ही म्हणाली. पातळी सात-आठ फुटांनी खाली-वर होते. आपल्याकडे पाणी दुतोंड्या मारुतीच्या कुठल्या भागाला लागलं यावरून पुराच्या बातम्या होतात, इथे रोज दोनदा चढतं आणि कोणी मान वर करत नाही.

मग वरच्या अंगाने जहाज आलं. फेअरलेस हिल्सच्या बाजूला बंदर आहे, तिथूनच निघालेलं असावं. पुलावर घंटा झाली, गाड्या थांबल्या आणि मधला 540 फुटांचा गाळा आडवाच्या आडवा, न कलता वर सरकू लागला. दोन टोकांना दोन मनोरे, त्यांच्या डोक्यावर चाकं, चाकांवरून वायर रोप. एका टोकाला रस्ता, दुसऱ्या टोकाला काउंटरवेट. माझं लक्ष रस्त्याकडे नव्हतंच. मनोऱ्यातला तो अवजड ठोकळा रस्ता वर जाईल तसा खाली येत होता. वजनाला वजन तोललेलं असलं की मोटरला ओझं उचलावं लागत नाही, घर्षण आणि वाऱ्याचा जोर तेवढा मोडायचा. आपल्या इमारतीची लिफ्ट याच तत्त्वावर चालते. बंद असताना पाण्यापासून 61 फूट, पूर्ण वर गेल्यावर 135. म्हणजे 74 फूट चढला, सात मजले. वर पोचल्यावर गाळा एकदा हलकेच थरथरला आणि थांबला. जहाज खालून गेलं, काठावर लाटा आल्या, माझे बूट भिजले.

पूल 2 मे 1931 ला सुरू झाला, तेव्हा एवढा लांब उचलता गाळा जगात दुसरा नव्हता. मुळात खासगी कंपनीचा. 1948 पासून बर्लिंग्टन परगण्याच्या पूल मंडळाकडे आहे. उंच पक्का पूल का नाही बांधला? उंच पुलाला दोन्हीकडून लांबलचक चढ लागतो, खर्च वाढतो. वरच्या अंगाला 1956 चा टर्नपाइकचा, म्हणजे टोलच्या महामार्गाचा, पूल तसा उंच आहे, तो हलत नाही.

गाडीने जाणारच असाल तर एवढं ध्यानात ठेवा. टोल पेनसिल्व्हेनियाकडे जाताना लागतो, न्यू जर्सीकडे येताना नाही. फास्टॅगसारखी तिकडे ई-झेडपासची डबी असते. भाड्याच्या गाडीत ती आधीच बसवलेली असेल तर दिवसाचं वेगळं भाडं किती, ते गाडी घेतानाच विचारा. आम्ही विचारलं नाही आणि टोलपेक्षा डबीचंच भाडं जास्त भरलं. लेकीची डबी वापरायची तर भाड्याच्या गाडीचा नंबर तिच्या खात्यात घालून घ्या. फुकटात पलीकडे जायचं असेल तर ट्रेंटनला टोल नसलेले दोन जुने पूल आहेत, साध्या मोटारीला चालतात. बर्लिंग्टनच्या पुलावर दोनच लेन आहेत, त्याही अरुंद. नवशिक्याने तिथे हात साफ करू नये. मनोऱ्याखालून जाताना मात्र वर बघा, काउंटरवेट डोक्यावर लटकताना दिसतं. चालवणाऱ्याने बघू नये.

परतताना रिव्हर लाइनमध्ये डावीकडची जागा धरा, नदी त्या बाजूला आहे. फ्लॉरेन्सनंतर रोबलिंग स्टेशन लागतं. गोल्डन गेट पुलाचे केबल बनवणाऱ्या कंपनीचा वायर रोपचा कारखाना इथे होता, आता संग्रहालय आहे. मला उतरायचं होतं, पण हिचे गुडघे बोलायला लागले होते. तुमच्यापैकी कोणी आधी गेलं तर माझ्यासाठी रोपच्या कापलेल्या तोंडाचा फोटो काढून आणा, आतल्या तारा मोजायच्या आहेत.